शिमग्यात खुणा करा, काडी ओढू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमेश्वर तालुक्यात चार एकर वरकस (हलकी, डोंगरउताराची) जमीन, आजोबांच्या वेळेपासूनचं जंगल. पंधरा-एक वर्षांपूर्वी ते ठेकेदाराला तोडायला दिलं होतं. त्या बुंध्यांवर आलेले ऐन-किंजळाचे फुटवे आता इतके दाटलेत की आत वाकूनच शिरावं लागतं. एका कोपऱ्यात वडिलांनी लावलेला साग आहे, तोही दाटीत काठीसारखा राहिलाय. शिमग्याला सगळे भाऊबंद गावी येतात, तेव्हा आठवडाभरात विरळणी (दाटीतली काही झाडं काढणं) उरकायची आणि निघालेला टाळ (पानांसकट छाटलेल्या डहाळ्या), फांद्या, पातेरा (वाळका पालापाचोळा) जागेवरच ढीग करून पेटवायचा असा बेत आहे. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये वसंतातच हे करताना दिसतात, तर आपण केलं तर चालेल का?

विरळणी करायलाच हवी. पंधरा वर्षं हात न लागलेलं फुटव्यांचं जंगल आपोआप ‘मोठं’ होत नाही, ते नुसतं उंच आणि बारीक होत जातं. पण शिमग्यात तोड आणि त्यानंतर जाळ हा बेत मी तुमच्या जागी असतो तर सोडला असता. कोकणात तो वर्षातल्या सर्वांत चुकीच्या वेळी येतो.

आधी त्या व्हिडिओंबद्दल. स्वीडन-फिनलंडमध्ये किंवा अमेरिकेच्या वायव्य भागात घरच्या जंगलाचे मालक हिवाळ्यात तोड करतात आणि बर्फ असताना किंवा ते नुकतं वितळताना ढीग पेटवतात. तेव्हा तिथली जमीन चिंब असते, आजूबाजूचं गवत ओलं असतं, ढिगातून उडालेली ठिणगी पडते तिथेच विझते. त्यांचा वसंत हा ओल्या ऋतूचा शेवट आहे. आपला वसंत म्हणजे ऑक्टोबरात पाऊस गेल्यानंतरचा पाचवा-सहावा कोरडा महिना. पळस-पांगारा फुललेले असतात ते निष्पर्ण फांद्यांवर, आणि खाली वीतभर पातेरा पापडासारखा वाळलेला असतो. ऋतूचं नाव सारखं असलं म्हणून जमिनीतली ओल सारखी होत नाही.

दुसरी गोष्ट वाळण्याच्या हिशोबाची, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शिमग्यात तोडलेली ओली फांदी लगेच जळत नाही, नुसता धूर होतो. ती नीट पेट घेण्याइतकी वाळायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे तुमचा ढीग तयार होणार एप्रिलच्या शेवटी, सगळा डोंगर पेटायला टेकलेला असतो तेव्हा. आणि तोवर तुम्ही मुंबईत. मग ‘तुझ्या सवडीने लावून टाक’ असं गावातल्या कुणाला तरी सांगितलं जातं, तो एकटाच दुपारी जातो, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. हीच तोड मार्गशीर्षात झाली असती तर टाळ माघात वाळून तयार असता. माघात पहाटे भरपूर दव असतं, जमिनीत थोडी ओल उरलेली असते, सगळं गवत अजून कडक वाळलेलं नसतं.

वाऱ्याचंही तसंच. आपल्याकडे सकाळी जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा असतो, तो थांबतो आणि अकरा-बाराच्या सुमाराला समुद्राकडून वारा सुरू होतो. मार्च ते मे हा दुपारचा वारा चांगलाच जोरात असतो. सकाळी नऊला अगदी शांत दिसणारा ढीग दुपारी एकला वेगळाच असतो. त्यात उतार. आग चढावर जास्त वेगाने पळते. साधारण दहा अंशांच्या चढाला वेग दुप्पट होतो असं धरून चला. तुमच्या जंगलाच्या वरच्या अंगाला सडा (कातळाचं उघडं पठार) असेल तर तिथलं गवत म्हणजे आगीला मोकळा रस्ता. सड्यावरून ती पलीकडच्या वाडीतल्या काजूत उतरते. काजू-आंब्याच्या बागा फेब्रुवारी ते मे या काळात वणव्याने जाण्याचं प्रमाण कोकणात किती आहे हे तुम्ही दरवर्षी बातम्यांत वाचताच. त्यातले बरेच वणवे कुणीतरी ‘जरा साफसफाई’ करायला लावलेले असतात.

इथे कुणीतरी राबाचा, म्हणजे भाजावळीचा, मुद्दा काढेलच, म्हणून आधीच सांगतो. हो, आपल्याकडे भाजावळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. ऐन-किंजळाचा टाळ तोडायचा, शेण, टाळ, पातेरा, गवत यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर रचायचे, वर माती पसरायची आणि भाजायचं. ब्रिटिश काळात जंगलखात्याने टाळतोडीवर बंधनं आणली तेव्हा ठाणे-कुलाबा भागात इतकी ओरड झाली की 1885 साली मुंबई सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला, आणि राब हा त्यातला मोठा प्रश्न होता. पण राब नीट पाहिलात तर कळेल की ती जंगलातली आग नाही. ती शेतात, बांधाच्या आत, मोजक्या जागेवर, मातीखाली दबलेली आग आहे. ती धुमसते, तिच्या ज्वाळा होत नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी वारा पडलेला असताना घरची चार माणसं हजर राहून ती लावतात. उभ्या झाडांच्या मधोमध छातीइतका ढीग पेटवण्याला राबाचा आधार देऊ नका.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण कोयता हातात घेण्याआधीचा आहे. साग, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, जांभूळ, आंबा, फणस ही झाडं 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या मालकीच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. तुमच्या जंगलात तर मुख्य झाडं हीच आहेत. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करायचा, झाडांवर खुणा करून दाखवायच्या, पाहणी होते. लाकूड गाडीत भरून रस्त्यावर आणणार असाल तर वाहतूक परवाना वेगळा. त्याआधी सातबारा नीट वाचा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम 30 ऑगस्ट 1975 पासून लागू झाला आणि त्यामुळे कोकणातल्या कित्येक सातबाऱ्यांवर ‘खाजगी वन’ किंवा ‘राखीव वन’ असे शेरे आहेत. तसा शेरा असेल तर विरळणीचा विषय तिथेच थांबवून आधी तो शेरा काय सांगतो ते तालुक्याला जाऊन समजून घ्या. आणि सातबारा सामाईक असेल, जो कोकणात नव्वद टक्के वेळा असतोच असं वाटावं इतका सर्रास असतो, तर पुण्यातल्या काकांची आणि आत्याच्या मुलांचीही लेखी संमती आधी घ्या. झाडं वाढायला पंधरा वर्षं लागली, भाऊबंदकीला एक दुपार पुरते.

आग तुमच्या हद्दीतून शेजारच्या राखीव जंगलात गेली तर भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली तो गुन्हा आहे. आणि ‘कळणार कुणाला’ असं समजू नका. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीची ठिकाणं टिपून त्यांचे संदेश पाठवते, कुणीही नोंदणी करून ते मिळवू शकतं.

आता विरळणी. झाडांची निवड शिमग्यात करायला माझा विरोध आहे, कारण तेव्हा ऐनाची पानं गळालेली असतात. कुणाचा शेंडा उन्हात आहे आणि कोण दुसऱ्याच्या सावलीत कसंबसं जगतंय हे पानं असतानाच कळतं. आश्विन-कार्तिकात जा. त्यापुढे किंजळाला तांबूस फळांचे झुबके लागतात, त्यामुळे लांबूनही तो ओळखू येतो. खाली उभं राहून मान वर करायची आणि शेंडे पाहायचे. खोडाकडे नंतर. बरेच जण खोडाची जाडी पाहून ‘हे बारीक, काढा’ करत सुटतात आणि दोन जाड पण एकमेकांना गळफास लावलेली झाडं तशीच ठेवतात.

आणि खुणा करताना काय काढायचं ते शोधू नका, काय ठेवायचं ते शोधा. चुना किंवा रंग घेऊन राखायच्या झाडांवर छातीच्या उंचीला पट्टा मारा. सरळ सोट, मोकळा शेंडा, बुंधा निरोगी, जमिनीलगत फुटलेला. जुन्या बुंध्याच्या वरच्या काठावर फुटलेला फुटवा पुढे वजनाने उकलतो, तो जाड असला तरी पहिला काढायचा. एका बुंध्यावर पाच-सहा फुटवे असतील तर दोन ठेवा, ते एकमेकांपासून लांबच्या बाजूंचे. अंतरासाठी वनखात्यातला जुना ठोकताळा आजही कामाचा आहे: खोडाचा व्यास इंचांत घ्यायचा, त्याच्या दीडपट फूट अंतर ठेवायचं. सहा इंची झाडांना नऊ फूट. त्या हिशोबाने एकरी 540 च्या आसपास झाडं राहतात. तुमच्याकडे आत्ता याच्या कितीतरी पट काठ्या उभ्या असणार. म्हणून एका दमात तिथवर पोचू नका. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त काढायचं नाही, मग तीन-चार पावसाळे थांबायचं. दाटीत वाढलेली झाडं एकमेकांच्या आधाराने उभी असतात. एकदम मोकळी केली की जूनच्या पहिल्या वादळात आडवी होतात. शिवाय एकदम ऊन आत आलं की रानमोडी आणि घाणेरी ही तणं तुमच्या आधी जागा धरतात.

फक्त ऐन-किंजळ-साग ठेवून बाकी सगळं ‘जंगली’ म्हणून साफ करायचं, हेही नको. एखादा हेद, शिवण, काकड, बिवळा सापडला तर तो राखा, त्याचं बी आसपास पडेल. खाली करवंद, कुडा, उक्षी असू द्या, चालायला वाट होईल इतकंच कापा. पोकळ ढोलीचा जुना मोठा वृक्ष ठेकेदाराच्या तडाख्यातून वाचला असेल तर त्याच्या आसपास तोड करूच नका. संगमेश्वर-देवरूख भागात धनेश अशा ढोल्यांत घरटी करतात. मादी स्वतःला आत बंद करून घेते ती साधारण फेब्रुवारीपासून, म्हणजे नेमकी तुमच्या सुट्टीच्या दिवसांत.

सागाचं गणित वेगळं आहे. दोन बाय दोन मीटरवर लावला असेल तर हेक्टरी 2500 रोपं होतात, आणि अशा लागवडीत पहिली विरळणी साधारण पाचव्या वर्षी, दुसरी दहाव्याच्या आसपास व्हायला हवी. तुमची एकही झालेली नाही. सागाला शेजाऱ्याची सावली सोसत नाही, त्यामुळे खुरटलेली झाडं आता जागा दिली तरी फारशी सुधारणार नाहीत. ती काढा आणि पुढे असलेल्यांना मोकळं करा. इथेही हप्त्याहप्त्याने. एकदम उघडा पडलेला साग खोडावर जागोजागी कोंब फोडतो आणि इमारती लाकडात गाठी होतात.

तोड मार्गशीर्ष ते माघ. झाडं विश्रांतीत असतात, बुंध्यात साठा असतो, म्हणून पहिल्या पावसाला फुटवा जोमाने येतो. घाव जमिनीलगत, तिरका, पाणी न साचणारा, साल न फाटता. यंत्राची करवत आणणार असाल तर ती चालवण्याचा सराव असलेला माणूस आणा. हौशी मंडळींनी उतारावर, दाटीत, एकमेकांजवळ उभं राहून ती चालवू नये. बाकीच्यांना टाळ ओढायचं काम पुष्कळ असतं.

निघालेल्या मालाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लोक ज्याला कचरा म्हणतात त्यात जंगलाचं बरंचसं खत असतं. झाडातल्या अन्नद्रव्यांचा मोठा वाटा पानांत, सालीत आणि बोटाएवढ्या फांद्यांत असतो, जाड लाकडात कमी. जाळलं की नत्र जवळपास सगळं हवेत जातं. राख उरते, तिच्यात पालाश-चुना असतो, पण आपल्या उतारावर जूनमधल्या पहिल्या दोन सरींत ती पऱ्ह्यात (ओढ्यात) वाहून जाते. ढिगाखालची माती भाजून तिथलं बी, मुळं, गांडुळं मरतात, आणि त्या गोल डागावर सगळ्यात आधी काय उगवतं? रानमोडीच.

म्हणून वर्गवारी करा. मनगटाएवढं आणि त्याहून जाड ते फाटी, मेढी, कुंपणाचे खुंट. सरळ सोट वाशांना, मांडवाला, मिरीच्या आधाराला. गावात अजून चुली आणि पाण्याचे बंब आहेत, पावसाळ्याच्या बेगमीला फाटी न्यायला माणसं येतात. बारीक टाळ शेजारी राबाला नेत असतील तर आनंदाने द्या. उरलेलं कोयत्याने हातभर लांबीचे तुकडे करून उतारावर आडव्या ओळींत, जमिनीला चिकटून पसरा. ढीग नको, ओळ हवी, गुडघ्याच्या खाली. राखलेल्या झाडांच्या बुंध्यापासून तीन फूट लांब. या ओळी पावसात माती अडवतात, आणि तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस व वाळवी मिळून बारीक काटक्यांचं काम पहिल्याच पावसाळ्यात बरंचसं उरकतात. जाड तुकडे काही वर्षं राहतात, राहू देत.

फक्त हद्दीच्या कडेला, पायवाटेला आणि घराच्या बाजूला या ओळी नकोत. तिथे उन्हाळाभर तेच जळण होतं. तिथला सगळा माल उचलून आत न्या किंवा बाहेर काढा.

तरीही काही जाळावंच लागतं. रोगट झाडं, हद्दीवरची काटेरी चिलार, वाळलेल्या रानमोडीचे भारे. ही रानमोडी तेलकट असते आणि हिरवी असतानाही भडकते, तिला साधं गवत समजू नका. असं जाळायचं तर पौष-माघात, दव असताना पहाटे सुरू करून दहाच्या आत संपवायचं. जागा उघडी, वर कुणाचा शेंडा नाही, शक्यतो जुनी दळी (उतारावरचा शेतीचा तुकडा) किंवा शेत. सड्याच्या कातळावर जाळणं सोपं वाटतं, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत (2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली) आणि पावसाळ्यात त्याच पातळ मातीत फुलणाऱ्या वनस्पती. तापून कातळाचे पापुद्रे सुटतात. ढिगाभोवती पंधरा फूट पातेरा ओढून माती उघडी करा. ढीग कमरेच्या खाली, एकच. बाजूला साठा ठेवून थोडंथोडं टाकत राहायचं. पेटवायचा वरून, खालून नाही. वरून पेटवलेला ढीग हळू उतरत जळतो, खालून येणारा धूर वरच्या ज्वाळेत जळून जातो. पाण्याची दोन पिंपं, फावडी, आणि आग झोडपायला ओल्या पानांचे डहाळे हाताशी. वनरक्षकाला आणि शेजारच्या बागवाल्याला आदल्या दिवशी सांगा. संपल्यावर निखारे पसरून पाणी, मग हाताची पाठ जवळ नेऊन ऊब लागते का ते पाहा. जवळ जुना पोकळ बुंधा असेल तर आग मुळांत शिरून आतल्या आत दिवसेंदिवस धुमसते, म्हणून तिथे ढीग लावूच नका.

थोडे कष्ट घ्यायची तयारी असेल तर ढिगाऐवजी खड्डा करा. तीन फूट खोल, तोंडाशी पाच फूट, खाली निमुळता. तळाला लहान जाळ करून वर थर टाकत जायचं. एका थरावर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर. वरची ज्वाळा खालच्या थराला हवा मिळू देत नाही, त्यामुळे त्याची राख न होता कोळसा होतो. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून विझवा. हा कोळसा कुटून शेणखतात किंवा गोमूत्रात मुरवून बागेत घाला, पहिल्यांदा नुसता घालू नका, तो मातीतलं नत्र स्वतःकडे ओढतो. वेगळी निघालेली राख नारळाच्या आळ्यात, पातळ पसरून.

मग शिमग्यात काय करायचं? पालखी घरी येऊन जाईपर्यंत तुमच्या हातून काही होणार नाही, हे मी गृहीत धरतो. नंतरच्या दोन दिवसांत माणसं भरपूर असतील, तर हद्दीची जाळरेषा साफ करा: आठ-दहा फूट रुंद पट्ट्यातलं गवत कापून, पातेरा ओढून आतल्या बाजूला टाकायचा. न पेटवता. वनखातं आपल्या जाळरेषा 15 फेब्रुवारीच्या आत जाळून मोकळं होतं, कारण त्यानंतर आगीचा हंगाम सुरू झाला असं मानतात. शिमगा बहुधा त्याच्या नंतरच येतो. वरच्या सड्याकडची बाजू आधी करा, मग वाटेकडची. कुठल्या बुंध्यावर किती फुटवे आहेत, ढोलीची झाडं कुठे आहेत याचा कच्चा नकाशा काढा. सगळे वारस एकत्र असतील तर संमतीपत्रावर सह्याही त्याच दिवसांत. आणि हॅलो फॉरेस्टचा 1926 हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घाला; डोंगरावर धूर दिसला की तो लावायचा, आधी व्हिडिओ काढायचा नाही.

तोड झाल्यावर पहिले दोन पावसाळे आत गुरं सोडू नका, कोवळा फुटवा गुरं शेंड्यापासून खातात. नव्या फुटव्यांची गर्दी पुन्हा होईल. दुसऱ्या वर्षाच्या कार्तिकात कोयता घेऊन एक फेरी मारा. ते अंगठ्याएवढे असताना एका घावात जातात, आणि त्यांचा टाळ इतका थोडा असतो की जाळायचा प्रश्नच येत नाही.